स्नायूतील कॅल्शियमचा ठावठिकाणा

जळगाव जामोदला विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात स्नायूंच्या आकुंचनाबद्दल बोलण्याची वेळ आमच्यावर आली. गाव आमचेच, त्यामुळे फारशी तयारी न करता गेलो होतो. फळ्यावर स्नायुतंतूची आकृती काढली, त्याभोवतीची आंतर्द्रव्यजालिका काढली आणि पाठ्यपुस्तकातले वाक्य म्हणून टाकले, की या जालिकेत कॅल्शियम साठवलेले असते, मज्जातंतूचा संदेश आला की ते बाहेर पडते आणि स्नायू आकुंचन पावतो. मागच्या बाकावरून एका शिक्षकांनी विचारले, "सर, हे कॅल्शियम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसते का?" आम्ही म्हटले, नाही, कॅल्शियम असे दिसत नाही. त्यावर ते म्हणाले, "दिसतच नाही, त मंग समजलं कसं?"

तेवढ्यात चहा आला आणि आम्ही दोन वाक्यांत वेळ मारून नेली. पण प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि या शोधात अनेकांची फसगतही झाली. त्यात आमचीही थोडी झाली, ते पुढे येईलच.

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आठवतात, दूध आठवते, पानाला लावायचा चुना आठवतो. ते बरोबरच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले सुमारे ९९ टक्के हाडांत व दातांत असते. उरलेल्या एक टक्क्याकडे शरीरशास्त्राचे लक्ष गेले ते एका चुकीमुळे. पाण्यात काय विरघळले आहे याने किती फरक पडतो हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात उतरू लागले की खारपाणपट्टा सुरू होतो आणि विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना हाच धडा वेगळ्या रीतीने मिळाला. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून ते कोणत्या द्रावणात धडधडत राहते याचा ते अभ्यास करत होते. १८८२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे त्यांच्या लक्षात आले, की ज्या मिठाच्या द्रावणात हृदय छान चालत होते ते ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलेच नव्हते. मदतनिसाने नळाचे पाणी वापरले होते, अशी आठवण सांगतात. खरोखरीच्या ऊर्ध्वपातित पाण्यात द्रावण केले तेव्हा ठोके मंदावत गेले आणि हृदय थांबले. नळाचे पाणी न्यू रिव्हर कंपनीचे होते (नाव नदीचे, पण प्रत्यक्षात तो १६१३ साली पुरा झालेला कालवा). त्या पाण्याचे पृथक्करण केल्यावर दहा लाख भागांत सुमारे ३८ भाग कॅल्शियम निघाले. १८८३ च्या निबंधात रिंगर यांनी आपली चूक सरळ सांगून टाकली आणि आकुंचनाला कॅल्शियम लागते हे जगाला कळले.

आता इथे एक पेच आहे. हृदयाला बाहेरचे कॅल्शियम तोडले तर ते थांबते. पण बेडकाच्या पायाचा स्नायू कॅल्शियम नसलेल्या द्रावणातही बराच वेळ आकुंचन पावू शकतो. म्हणजे एक तर त्याला कॅल्शियम लागत नसावे, नाही तर त्याने ते आपल्याजवळ कुठे तरी ठेवलेले असावे. १९४७ साली हाइलब्रुन आणि व्हिएर्चिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायुतंतूच्या आत वेगवेगळ्या क्षारांची द्रावणे सुईने सोडून पाहिली. शरीरात सहज आढळणाऱ्या आयनांपैकी कॅल्शियमनेच तंतू आखडला. लागते हे नक्की झाले. मग ए. व्ही. हिल यांनी हिशेब मांडला. तंतूची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पृष्ठभागापासून एखादा पदार्थ विसरणाने मध्यापर्यंत पोचायचा तर लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रत्यक्षात स्नायू त्याहून कितीतरी लवकर आकुंचन पावतो. तेव्हा साठा आत, आकुंचन पावणाऱ्या तंतुकांच्या अगदी शेजारी हवा आणि बाहेरची वर्दी तिथपर्यंत पोचवणारी वाटही हवी.

अशी वाट एका माणसाने पूर्वीच पाहिली होती. इटलीतील पाव्हिया येथे गॉल्जी यांच्या प्रयोगशाळेत एमिलिओ व्हेराट्टी यांनी चांदीच्या क्षाराने स्नायू रंगवून त्यात बारीक जाळे असल्याचे १९०२ साली चित्रांसह दाखवले होते. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या क्षमतेच्या अगदी कडेवरचे हे जाळे इतरांना दिसेना, आणि ते विस्मरणात गेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, १९५३ साली बेनेट आणि पोर्टर यांनी कोंबडीच्या छातीच्या स्नायूत ते पुन्हा पाहिले. १९५७ साली पोर्टर आणि पॅलाडे यांनी त्याची रचना नीट मांडली. तंतुकांच्या लांबीला समांतर जाणाऱ्या उभ्या नलिका, त्यांच्या टोकांना फुगीर पिशव्या, आणि दोन पिशव्यांच्या मध्ये एक आडवी नलिका, असे हे त्रिकूट. व्हेराट्टी यांच्या निबंधाचा इंग्रजी अनुवाद १९६१ साली छापला गेला.

१९५८ साली हक्स्ले आणि टेलर यांनी बारीक काचनळीने बेडकाच्या तंतूवर ठिकठिकाणी विजेचे हलके धक्के दिले. ठरावीक जागीच धक्का दिला तर तेवढाच भाग आकुंचन पावे आणि त्या जागा नेमक्या त्रिकुटांच्या रांगेतल्या होत्या. (हे अँड्र्यू हक्स्ले. दुसरे ह्यू हक्स्ले. दोघांचे काम स्नायूंवरच असल्याने विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो.) या दुसऱ्या हक्स्लेंनी १९६४ साली स्नायू फेरिटिनच्या द्रावणात ठेवला. फेरिटिन हे लोहयुक्त प्रथिन, त्याचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात गडद दिसतात. ते कण आडव्या नलिकांत सापडले, शेजारच्या पिशव्यांत सापडले नाहीत. म्हणजे आडवी नलिका ही पेशीच्या बाहेरच्या पटलाचीच आत गेलेली घडी. वर्दीची वाट सापडली. त्याच वर्षी क्लारा फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग आणि पोर्टर यांनी माशाच्या स्नायूत ही घडी बाहेर उघडताना दाखवली.

साठ्याचा माग मात्र रसायनशास्त्रज्ञांकडून लागला. १९५१ साली मार्श यांनी स्नायूच्या रसात आखडलेल्या तंतुकांना सैल करणारे काही तरी आहे असे दाखवले होते. हे 'काही तरी' म्हणजे विरघळलेला पदार्थ नसून पटलाच्या सूक्ष्म पिशव्या आहेत आणि त्या एटीपी खर्चून सभोवतालचे कॅल्शियम आत ओढतात, हे जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी लिपमन यांच्यासोबत आणि हाइडेलबर्गचे हासेलबाख व माकिनोसे यांनी, १९६१-६२ च्या सुमारास जवळजवळ एकाच वेळी सिद्ध केले. या पिशव्या स्नायू वाटताना आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे होऊन बनतात. हासेलबाख यांनी एक युक्ती केली होती. द्रावणात ऑक्झॅलेट घातले. ते पिशवीत शिरते, तिथे कॅल्शियमशी त्याचा न विरघळणारा अवक्षेप बनतो, आणि पिशवी कॅल्शियम ओढतच राहते.

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे येऊ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कॅल्शियम का दिसत नाही? इलेक्ट्रॉनांना जोरात विखुरणारे जड अणू तिथे गडद दिसतात. म्हणून आपण नमुन्याला ऑस्मियम (अणुक्रमांक ७६), शिसे (८२), युरेनियम (९२) यांचे क्षार लावतो. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, आणि एक किलो स्नायूत ते मोजायचे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पण खरी अडचण वेगळीच आहे. नमुना तयार करताना ऊतीचा तुकडा स्थिरीकरणाच्या द्रावणात बुडवावा लागतो, अल्कोहोलने त्यातले पाणी काढावे लागते, रेझिनमध्ये रोवावा लागतो. मग काचेच्या किंवा हिऱ्याच्या पात्याने मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून पातळ काप काढायचे, आणि ते काप पाण्यावर तरंगत येतात. या सगळ्यात प्रथिने जागच्या जागी राहतात, पण सुटे आयन राहत नाहीत. हजेरी घेण्यासाठी घंटा वाजवावी आणि घंटा ऐकून मुलांनीच पळ काढावा, तसा हा प्रकार आहे.

ऑक्झॅलेटचा अवक्षेप मात्र पळत नाही. १९६५ साली कॉस्टँटिन, फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग आणि पोडोल्स्की यांनी बेडकाच्या स्नायुतंतूचे बाहेरचे आवरण सोलून काढले. तेलाखाली तंतू सोलण्याची ही नाजूक कृती जपानच्या नातोरी यांची. सोललेल्या तंतूला थेट कॅल्शियम देता येते. ते दिले की तो भाग आखडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सैल पडतो, म्हणजे कोणी तरी ते कॅल्शियम उचलून नेते. ऑक्झॅलेट वापरून त्यांनी ते नेलेले कॅल्शियम अडकवले आणि काप पाहिले. काळे अवक्षेप मुख्यतः त्रिकुटाच्या टोकाच्या पिशव्यांत जमलेले होते. आजही अनेक पुस्तकांतल्या आकृत्यांच्या मुळाशी हा प्रयोग आहे.

पण त्यातून नेमके काय सिद्ध झाले? घरात साखर सांडून ठेवली आणि मुंग्या ती कुठे नेतात ते पाहिले, तर वारूळ सापडते. आपण साखर सांडण्यापूर्वी वारुळात साखर होती का आणि किती होती, ते त्यातून कळत नाही. प्रयोगाने कॅल्शियम ओढण्याची जागा दाखवली होती. जिवंत, विश्रांत स्नायूत कॅल्शियम कुठे असते हा प्रश्न तसाच होता.

सॉल विनग्राड यांनी दुसरा मार्ग धरला. किरणोत्सारी कॅल्शियम-४५ स्नायूत मुरवायचे, मग कापावर छायाचित्रणाचा थर देऊन किरणोत्साराने उमटलेले चांदीचे कण मोजायचे. १९६५ पासून पुढची काही वर्षे त्यांनी हे काम केले. विश्रांतीत कण टोकाच्या पिशव्यांपाशी आढळले. आकुंचनानंतर लगेच पाहिले तर ते उभ्या नलिकांच्या भागात होते आणि नंतर हळूहळू पिशव्यांकडे परतलेले दिसले. चित्र फार मोहक होते. कॅल्शियम एका दाराने बाहेर पडते, दुसऱ्या दाराने आत येते आणि आतल्या आत चालत मूळ जागी जाते. आमच्या विद्यार्थिदशेपर्यंत काही पुस्तकांत हे चक्र बाणांसह काढलेले असे.

याच काळात पायरोअँटिमोनेट नावाचे अभिक्रियाकारक लोकप्रिय झाले. १९६२ साली कोमनिक यांनी ते सोडियमचा ठाव घेण्यासाठी आणले होते. कॅल्शियमबरोबर त्याचा अवक्षेप आणखी सहज पडतो आणि अँटिमनी जड असल्याने झकास काळा दिसतो, म्हणून ते कॅल्शियमसाठी वापरले जाऊ लागले. लेगाटो आणि लँगर यांनी १९६९ साली हृदयस्नायूवर असे काम प्रसिद्ध केले.

इथे आमची गोष्ट सांगायला हवी. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी आम्ही उंदराच्या मांडीच्या स्नायूवर हीच पद्धत वापरली. आठ महिने गेले. फोटोत काळ्या ठिपक्यांच्या इतक्या सुबक रांगा आल्या, की आम्ही एक मोठा करून टेबलासमोर लावला. एका चर्चेत कोणी तरी विचारले, काप ईजीटीएने धुऊन पाहिलेत का? ईजीटीए हा पदार्थ कॅल्शियमला घट्ट पकडतो. ठिपके कॅल्शियमचे असतील तर ते धुतल्यावर जायला हवेत. ही तपासणी अगदी आरंभीच करायची असते, आणि ती आम्ही केली नव्हती. केली तेव्हा बहुतेक ठिपके जागच्या जागी राहिले. पायरोअँटिमोनेट सोडियम आणि मॅग्नेशियमबरोबरही अवक्षेप देते, आणि अवक्षेप कुठे पडेल हे आयन कुठे होता यावरच नव्हे, तर स्फटिक धरायला सोयीची जागा कुठे आहे यावरही अवलंबून असते. प्रबंधातले ते प्रकरण गेले. काळजीपूर्वक केली तर ही पद्धत उपयोगी पडते हेही खरे, पण आम्ही ती तशी केली नव्हती.

तर मग करायचे काय? कॅल्शियमला अवक्षेपात न अडकवता, हलू न देता आणि कशानेही न रंगवता ओळखायचे. ओळखीची खूण मोझली यांनी १९१३ सालीच देऊन ठेवली होती. अणूवर पुरेशा वेगाचा इलेक्ट्रॉन आदळला तर त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर पडतात. मोझली दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. या तत्त्वावर इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका नमुन्यावर रोखून तेवढ्या बिंदूतली मूलद्रव्ये ओळखणारे उपकरण रेमों कास्तँ यांनी पॅरिसमध्ये आपल्या १९५१ च्या प्रबंधात मांडले. ते धातूंसाठी होते. जैविक ऊतीच्या पातळ कापात मोजमाप करण्याची रीत केंब्रिजच्या थिओडोर हॉल यांनी बसवली. कापातून निघणाऱ्या एकूण अखंड क्ष-किरणांवरून त्या बिंदूतले वस्तुमान काढायचे आणि मूलद्रव्याच्या खुणेच्या किरणांना त्याने भागायचे. हे हॉल तरुणपणी अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात होते आणि तिथली गुपिते त्यांनी सोव्हिएत संघाला दिली होती, हे १९९५-९६ मध्ये उघड झाले. असो.

फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू आणि एव्हरिल सोम्ल्यो या पतिपत्नींनी हेन्री शुमन यांना सोबत घेऊन ही पद्धत स्नायूवर आणली. त्यांची पहिली अट म्हणजे कोणतेही द्रावण वापरायचे नाही. जिवंत स्नायू अतिशीत फ्रिऑनमध्ये इतक्या झपाट्याने बुडवायचा, की आयनांना हलायला सवड मिळू नये आणि बर्फाचे मोठे स्फटिकही होऊ नयेत. मग गोठलेल्या अवस्थेतच काप काढायचे, पाण्यावर न तरंगवता कोरडे, आणि ते निर्वातात वाळवायचे. दुसरी अडचण मात्र आवर्तसारणीनेच घातलेली होती. कॅल्शियमच्या शेजारचे घर पोटॅशियमचे. पोटॅशियमची दुसरी रेषा ३.५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला पडते आणि कॅल्शियमची मुख्य रेषा ३.६९ ला. त्या काळच्या शोधकाला एवढा फरक वेगळा दाखवता येत नसे, आणि स्नायूच्या पेशीद्रव्यात पोटॅशियम कॅल्शियमच्या शेकडो पट असते. म्हणजे कॅल्शियमचा लहानसा उंचवटा पोटॅशियमच्या डोंगराच्या उतारावर झाकून जातो. शुमन आणि सोम्ल्यो यांनी संगणकाने हे उंचवटे एकमेकांतून वेगळे करण्याची रीत १९७६ साली दिली.

१९८१ साली बेडकाच्या स्नायूवरचा त्यांचा निबंध आला. काही स्नायू विश्रांतीत गोठवले होते आणि काही १.२ सेकंदांच्या सलग आकुंचनाच्या अखेरीस, ऐन आखडलेल्या अवस्थेत. विश्रांतीत तंतूतल्या एकूण कॅल्शियमपैकी ६० ते ७० टक्के टोकाच्या पिशव्यांत होते. आकुंचनात त्यातले ५९ टक्के बाहेर पडले, म्हणजे पिशवीच्या दर किलो कोरड्या वजनामागे ६९ मिलिमोल. मूळ साठा किती होता ते विद्यार्थ्यांना भागाकाराने काढायला सांगावे, ११७ च्या आसपास येईल. एवढ्या कॅल्शियमने पेशीद्रव्यातले एकूण प्रमाण लिटरमागे सुमारे एक मिलिमोलने वाढते. बेडकाच्या स्नायूतील ट्रोपोनिन आणि पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनांवर कॅल्शियम धरणाऱ्या जागाही जवळजवळ तेवढ्याच असतात. सोडलेले आणि धरले जाणारे यांचा हिशेब जुळला.

याच निबंधाने दोन आवडत्या कल्पना खाली उतरवल्या. उभ्या नलिका हे कॅल्शियमचे मोठे तात्पुरते कोठार आहे आणि तिथून ते सावकाश परतते, असे त्यांना आढळले नाही. विनग्राड यांचे मोहक चक्र त्या रूपात टिकले नाही, मात्र विश्रांतीतला साठा टोकाच्या पिशव्यांत असतो हे त्यांचे म्हणणे टिकले. दुसरी कल्पना तंतुकणिकांची होती. वेगळ्या काढलेल्या तंतुकणिका भराभर कॅल्शियम घेतात, म्हणून त्याही साठ्याच्या जागा असाव्यात असे अनेकांना वाटे. गोठवलेल्या स्नायूत त्यांच्यातले कॅल्शियम अल्प होते आणि आकुंचनातही त्यात लक्षणीय बदल झाला नाही. पेशीला इजा झाली की तंतुकणिका कॅल्शियमने भरतात. म्हणजे पूर्वीच्या पुष्कळ फोटोंत दिसत होते ते बहुधा इजेचे चित्र.

एक गोष्ट वर्गात सांगताना निसटते. या पद्धतीने एकूण कॅल्शियम मोजले जाते, सुटे नव्हे. पिशवीतले बरेचसे कॅल्शियम कॅल्सिक्वेस्ट्रिन या प्रथिनाला बांधलेले असते. हे प्रथिन मॅक्लेनन आणि वाँग यांनी १९७१ साली वेगळे केले. त्याचा एक रेणू कॅल्शियमचे चाळीसच्या आसपास आयन धरतो. पेशीद्रव्यातले सुटे कॅल्शियम मोजायला जेलीफिशमधले प्रकाशणारे प्रथिन किंवा रंगद्रव्ये वापरावी लागली. तो इतिहास निराळा आहे.

पिशवी आणि आडवी नलिका यांच्यामधल्या फटीत दिसणाऱ्या 'पायांचे' वर्णन फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग यांनी १९७० साली केले होते. ते पाय म्हणजेच कॅल्शियम सोडणारी दारे हे १९८७-८८ मध्ये स्पष्ट झाले, आणि २०१५ साली तीन गटांनी गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने त्या दारांची रचना जवळजवळ अणूंच्या पातळीपर्यंत दाखवली.

पुढच्या खेपेला जळगाव जामोदला गेलो तेव्हा टेबलासमोरचा तो जुना फोटो सोबत नेला. शिक्षकांना काहीच न सांगता विचारले, यात कॅल्शियम कुठे आहे? काहींनी लगेच ठिपक्यांवर बोट ठेवले. आम्ही धुण्याच्या तपासणीबद्दल सांगू लागलो, तेव्हा मागच्या बाकावरचे ते शिक्षक पुढे आले, फोटो खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग हे धुतल्यावर गेले होते का?"

आम्ही म्हटले, नाही. त्यांनी फोटो परत दिला.